उशिराची पार्सलं

तिसरा दंड बसला त्या दिवशी श्रीपादनं स्वतःहून चहा केला.

दुर्गा कम्प्यूटरसमोर बसली होती. इंटरनेटवरच्या ज्या बाजारात ती धारकडच्या बाग गावच्या छपाईच्या चादरी विकायची, त्या कंपनीची मेल आली होती. पार्सल पुन्हा उशिरा, दंड कापला, दुकानाच्या नावापुढे तिसरी लाल खूण. पाच खुणा झाल्या की दुकान बंद.

"कोल्हापूरच्या एका बाईंची तक्रार आहे," दुर्गा म्हणाली. "मुलीच्या रुखवतात ठेवायची चादर लग्न झाल्यावर पोचली. अहो, मी तर पाच दिवस आधी बांधून दिली होती."

"तू दिलीस गं. मीही त्याच दिवशी कुरिअरवाल्याकडे टाकली." श्रीपादनं कप तिच्यापुढे सरकवला. "तो मानाजी एक नंबरचा कामचोर आहे. असल्या माणसाच्या भरवशावर कोणी धंदा करतं का?"

दुर्गानं कप उचलला.

कोल्हापूरचं ते पार्सल तीन दिवस गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत, सतरंज्यांच्या ढिगाखाली पडून होतं. खोलीची किल्ली खजिनदार म्हणून श्रीपादकडेच असायची.

देवासच्या ज्या कारखान्यात तो सुपरवायझर होता, तो दोन वर्षांपूर्वी, २००६ साली बंद पडला. तेव्हापासून श्रीपाद घरी होता आणि सगळ्यांवर नाराज होता. दुर्गानं चादरी विकायला काढल्या तेव्हा तो मनसोक्त हसला होता. न बघता, हात न लावता चादर घेणारा मूर्ख कोण भेटणार हिला? इंदूरला कॉलेजात शिकणाऱ्या किमयानं, त्यांच्या मुलीनं, फोटो काढून टाकले. पॅन कार्ड आणि बँकेचं खातं श्रीपादचं, म्हणून दुकानही त्याच्याच नावानं उघडलं. मग असे मूर्ख दिल्लीहून भेटले, कोचीहून भेटले, रोजच भेटायला लागले.

तरी त्याला त्यात चिंध्याच दिसत होत्या. बारावी शिकलेली बाई, इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या तर मुलीला फोन करणारी, आणि म्हणे व्यापार करते!

पहिल्या दंडाच्या आधी एकदा मंडळाच्या बैठकीत एकानं विचारलं, "श्रीपाद भिया, भाभींकडे काही काम असेल तर आम्हालाही लावून द्या ना. तुम्ही तर लागलाच आहात." सगळे हसले. श्रीपादही हसला. दुसऱ्या दिवशी दुर्गानं दिलेलं पार्सल स्कूटरवर घालून तो निघाला, आणि कुरिअरच्या दुकानाऐवजी मंडळाच्या खोलीकडे वळला.

तिसऱ्या दंडानंतर दुर्गा म्हणाली, "मी एकदा स्वतः जाऊन त्या मानाजींना विचारते."

"एकटी नको. मी येतो."

मानाजी पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस. दुकानही तोच सांभाळायचा, गाडीही तोच चालवायचा. त्यानं निमूटपणे रजिस्टर काढलं. "भाभी, माल ज्या दिवशी येतो त्याच दिवशी मी गाडीत चढवतो. तारखा लिहिल्यात, तुम्हीच बघून घ्या."

दुर्गानं पानावर बोट ठेवलं तेवढ्यात श्रीपादनं रजिस्टर फाडकन मिटलं. "तारखा काय दाखवतोस? तुझं लिहिलेलं तुला तरी वाचता येतं का? आमच्या घरचं नाव खराब केलंस तू!"

दुकानातले लोक बघायला लागले. मानाजीनं चष्मा काढून पुसला.

"चला," दुर्गा म्हणाली. "राहू द्या."

परतताना ती स्कूटरवर मागे बसून बोटांवर दिवस मोजत होती. हिला धड भांडताही येत नाही, श्रीपादच्या मनात आलं.

त्यानंतर ती बदलली. दर गुरुवारी कापड आणायला म्हणून माहेरी, धारला जायची आणि चारुलता वहिनींकडे दोन-दोन दिवस राहायची. देवासहून पार्सलं कमी जायला लागली. आठवड्याला एक, कधी तेही नाही. चौथी खूण लागली तेव्हा तिनं मेल वाचली आणि भाजी निवडायला बसली. खचली, श्रीपादनं ताडलं. बायकांचा उत्साह एवढाच.

पाचव्या खुणेला दुकान बंद झालं. तशी मेल सकाळी आली. श्रीपाद अंघोळ करून, केस विंचरून तिच्याशेजारी येऊन बसला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. आवाजात त्यानं जमेल तेवढी माया आणली. "हे आपल्यासारख्यांचं काम नाही. दुनियाभरची लबाडी असते त्यात. तू घर बघ. मी आहे ना."

"हो," दुर्गा म्हणाली. "आता झालं ते झालं."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं याचं त्याला जरा आश्चर्य वाटलं. ती उठून आतल्या खोलीत गेली.

दहाच्या सुमारास फाटकापाशी कुरिअरची गाडी थांबली. मानाजी उतरला. श्रीपाद तरातरा बाहेर गेला.

"आता काय घ्यायला आलास? बंद झालं दुकान. झालं समाधान?"

"ते तुमच्या नावाचं दुकान होतं, भिया," मानाजी शांतपणे म्हणाला. "भाभींच्या नावाचं धारला चालू आहे. चार महिने झाले. त्यांच्या वहिनी माल बांधतात, धारच्या फेरीत मी उचलतो. एकही लाल खूण नाही."

श्रीपाद वळला. दुर्गा दारात उभी होती. पायांत चपला होत्या.

"मग इथून कसलं पार्सल न्यायचंय तुला?" त्यानं मानाजीला विचारलं.

मानाजीनं गाडीचं मागचं दार उघडलं.

"आज पार्सल नाही, भिया. दोन पेट्या, एक शिलाई मशीन आणि भाभी."