अकरा धपाटे

शंभर वर्षांपूर्वीच्या आराखड्यावरून बांधलेलं लाकडी ग्लायडर उडवायला जर्मनीतल्या डार्मश्टाट विद्यापीठाचे बारा विद्यार्थी टेकडीवर छावणी टाकून राहिले होते. राहणंही त्या काळासारखंच. पेंढ्यावर झोपायचं, गार पाण्यानं अंघोळ, दोन्ही वेळा उकडलेले बटाटे. बाकीचे कुरकुरायचे. श्रीनाथला मात्र एकाच तंबूत इतर अकरा जणांचे श्वास ऐकत झोपायला आवडायचं.

शेवटच्या दिवशी त्याचा नंबर लागला. ग्लायडर उतारावरून सुटलं, नऊ सेकंद हवेत राहिलं आणि गवतात टेकलं. तो उतरला तेव्हा सगळे रांगेत उभे होते.

"पहिल्यांदा उडलेल्याच्या पाठीत प्रत्येकानं एक धपाटा घालायचा, हा इथला रिवाज," योनास म्हणाला. "चल, वाक."

अकरा धपाटे बसले. श्रीनाथच्या डोळ्यांत पाणी बघून योनास चपापला. "सॉरी, फार जोरात लागलं का रे?"

श्रीनाथनं नकारार्थी मान हलवली. जर्मनीत येऊन त्याला चौदा महिने झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत हात मिळवण्यापलीकडे कुणी त्याला हात लावला नव्हता.

तो वाकलेलाच राहिला. "अजून कुणी राहिलंय का?"