परीक्षकाचा हात

नवा व्हिडिओ गेम परीक्षक ऋजुता दिघेला घरातल्या दोन्ही कन्सोलवर इतका आवडला, की तिने दहापैकी साडेनऊ गुण लिहूनही टाकले. बारा वर्षांच्या परीक्षणांत एवढे गुण तिने कुणालाच दिले नव्हते, म्हणूनच तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने कंट्रोलर नवऱ्याच्या हातात दिला.

"नुसती कंटाळवाणी मारामारी आहे गं," दोन मिनिटांतच निरंजन म्हणाला.

तिने कंट्रोलर परत घेताच मारामारी थांबली आणि तिला आवडतं तसं धुक्यातलं शांत बंदर पडद्यावर उलगडू लागलं. हा गेम परीक्षकाचा हात ओळखत होता आणि फक्त त्याच्यासाठी त्याला आवडेल तसा बदलत होता. दुसऱ्या कन्सोलवरही तेच घडलं.

तिच्या शब्दावर हजारो लोक गेम विकत घेत. ऋजुताने साडेनऊ खोडले.

"पण तुला आवडला ना?" निरंजनने विचारलं.

"खूप. त्याचीच भीती वाटते."