अंदाजाची वेळ

तिसरं स्थळही मंगळामुळे मोडलं, तेव्हा मृण्मयी पत्रिका घेऊन शेजारच्या धवलीकरकाकांकडे आली.

सौरवादळाने जगातली सगळी इलेक्ट्रॉनिक घड्याळं बंद पडल्यापासून अख्खी कॉलनी काकांच्या मनगटी घड्याळावर चालायची. घड्याळ भारीतलं, एकदा चावी दिली की दोन महिने बघायला नको. म्हणूनच एकदा चावी द्यायची राहून गेली, आणि मृण्मयी जन्मली त्या पहाटे ते बंद होतं. तसं सांगायची लाज वाटून काकांनी अंदाजाने वेळ ठोकून दिली होती.

"काका, माझी जन्मवेळ नक्की तीच ना?"

"अगदी मिनिटासकट," काका म्हणाले आणि सवयीने घड्याळाला चावी देऊ लागले.

"हे दोन महिने चालतं ना?" तिने विचारलं. "मग लहानपणापासून बघतेय, तुम्ही रोज चावी का देता?"

काकांची मान वर होईना.