चार मीटरवरून

"चाचणीला लाकडी पंजा कशाला? माझा आहे की," खालून मिस्त्रीचा आवाज आला. "करवत बंद आहे ना? मग घाबरता कशाला, बाई?"

बाईंनी वरच्या खोलीच्या काचेतून खाली पाहिलं. करवतीच्या टेबलापासून चार मीटर उंच दोन नवे कॅमेरे शेजारी शेजारी टांगले होते. टेबलावर हात दिसला की करवत थांबवायची, एवढंच त्यांचं काम. सेन्सर बाईंनीच निवडला होता. सही तेवढी राहिली होती.

नव्या मुलीने पडद्याकडे पाहिलं. टेबल निळं, त्याहून उंच असेल ते पिवळं. पिवळा पंजा उमटला.

"मॅडम, हे काय? अंगठा आहे, शेजारचं बोट आहे. पुढची तीन गायब!"

बाईंची नजर खाली टेबलावरच होती.

"पिक्सेल कमी पडतायत." मुलीने कागद पुढे ओढला. तिला इथे येऊन जेमतेम पंधरवडा झाला होता; मिस्त्रीचा उजवा हात तिने खिशाबाहेर कधी पाहिलाच नव्हता. "बोट दीड सेंटिमीटर जाड. उंची मोजण्यातली आपली चूक एक सेंटिमीटरच्या आत हवी. अंतर दुप्पट झालं की चूक चौपट होते, ते धरलंत ना, मॅडम?"

"या वेळी धरलंय."

याच करवतीवरचे नऊ वर्षांपूर्वीचे कॅमेरे त्यांनी दोन मीटरसाठी निवडले होते. बसवताना क्रेन आड आली. फोन आला, दुप्पट उंचीवर लावले तर चालतील का? बाई बाजारात होत्या, दोन्ही हातांत पिशव्या, फोन खांद्याशी धरलेला. चालेल, म्हणाल्या होत्या.

"मोठा सेन्सर मागवू या?" मुलीने विचारलं.

"नको. पिक्सेल पुरेसे आहेत."

"मग बोटं गेली कुठे?"

बाईंनी माइकचं बटण दाबलं. "मिस्त्री, झालं. हात काढा."

हात हलला नाही.

"राहू द्या, बाई. सावकाश बघून घ्या." आवाजात राग नव्हता. "मागच्या वेळी तुम्ही घाईत होतात."

मुलीची पेन्सिल थांबली. पडद्यावर अंगठा होता, एक बोट होतं, आणि त्यापुढे टेबलाचा स्वच्छ निळा रंग.