गोळी बंद आहे

"ॲस्पिरिन बंद केलीत ना, काका?" भूल देणाऱ्या डॉक्टरने विचारलं. ती काकांच्या मुलीच्या वयाची होती, आणि तिच्या हातातलं पेन उमटत नव्हतं.

"तुम्ही सांगितलंत त्याच दिवशी," स्ट्रेचरवरचा म्हातारा म्हणाला. जन्मभर बस चालवलेला माणूस. एके काळी त्याने पुढून हाक मारली की मागच्या सीटवर झोपलेला उतारू जागा व्हायचा. आता अन्ननलिकेतल्या गाठीने आवाज असा बसला होता, की डॉक्टरला वाकून ऐकावं लागलं. "विचारा हिला. माझा सगळा कारभार हिच्याकडे."

डॉक्टरने शेजारी उभ्या म्हातारीकडे पाहिलं. तिने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरने हो धरलं, पेन झटकलं आणि खूण केली.

हृदयासाठी तो ती गोळी वर्षानुवर्षं घेत आला होता. गाठ सापडली तेव्हा सर्जन बोलता बोलता म्हणाले होते, "बरीच वर्षं ॲस्पिरिन घेतलेले लोक या आजारात जरा जास्त जगतात, असं काही अभ्यासांत दिसतं. काहींत काहीच फरक दिसत नाही. त्यावर विसंबू नका." तिने त्यातलं पहिलं तेवढं घरी नेलं. पुढे ऑपरेशनची तारीख पडली आणि तेच सर्जन म्हणाले, आठवडाभर आधी गोळी बंद, नाहीतर रक्त थांबायचं नाही. तिथे तिने मान डोलावली. घरी आल्यावर मात्र तिला राहवेना. सगळ्यांत जास्त गरज आत्ता, आणि आत्ताच त्याचा आधार काढून घ्यायचा? त्याला घास उतरत नव्हता. जे द्यायचं ते वाटून, फडक्यातून गाळून. लहानपणी मुलीला कडू औषध मधातून द्यायची, तशीच तिने गोळी कुटून सूपमध्ये घातली. नेहमीची छोटी नव्हे, डोकेदुखीवरची मोठी. सकाळी आणि संध्याकाळी. काल संध्याकाळीसुद्धा.

वॉर्डातल्या मावशींनी पायाने स्ट्रेचरचा ब्रेक सोडला.

"मावशी, लायसन आहे ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तुमच्यापेक्षा जुनं आहे. हात आत घ्या, दार लागेल."

तो हसला, हसता हसता खोकला. मग बायकोला म्हणाला, "तू तोंड पाडून बसू नकोस. बाहेर आल्यावर मला काय खायला घालणार ते ठरव. गाळलेलं नको हं. चावायचं काहीतरी."

ती दांडीला धरून सोबत चालत राहिली. सांगितलं तर आजचं ऑपरेशन जाणार. गाठ अजून काढता येते, आणखी वाढली तर येणार नाही, असं सर्जननी दोनदा बजावलं होतं. नाही सांगितलं, तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित. ऑपरेशन थिएटरच्या दारातून एक नर्स ट्रे घेऊन आत गेली. ट्रेमध्ये रक्ताच्या पिशव्या होत्या, फुगीर आणि काळपट लाल.

"काकू, तुम्ही इथेच थांबायचं," मावशी म्हणाल्या.

तिने दांडी सोडली नाही. मावशींनी जरा ओढून पाहिलं.

"मी घातली," ती म्हणाली.

"काय?" डॉक्टर मागे वळली.

"गोळी. सूपमधून. रोज दोन, मोठ्या. यांना ठाऊक नाही."

"कालही?"

"कालही."

डॉक्टर आत गेली. थोड्या वेळाने सर्जन बाहेर आले, मास्क हनुवटीखाली ओढलेला. ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"आज होणार नाही," ते म्हणाले.

"मग उद्या?"

"आठ-दहा दिवस तरी हात लावता येणार नाही. त्यापुढे थिएटर कधी मिळतं ते बघायचं. त्याआधी परत स्कॅन. गाठ कुठवर गेलीय ते पाहून मग ठरवू."

"पण उशीर नको, असं तुम्हीच म्हणाला होतात."

"हो," सर्जन म्हणाले. "म्हणालो होतो."

म्हातारा छताकडे बघत होता. "सूपमधून?" त्याने विचारलं.

"हो."

"तरी मी म्हणत होतो, आंबट लागतंय. तू म्हणालीस टोमॅटो जास्त पडला." मग तो म्हणाला, "जन्मभर मला वाटायचं, गाडी मी चालवतोय." आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, धरलाही नाही.

मावशींनी स्ट्रेचर कडेला घेतला. आतून दुसऱ्या पेशंटच्या नावाचा पुकारा झाला. सर्जन जायला निघाले, तशी ती धावली आणि दारातच तिने त्यांची बाही पकडली.

"डॉक्टर, एकच विचारते."

"विचारा."

"आठवडाभर आधी बंद करायची, बरोबर? मग समजा तारीख महिन्याने पडली, तर मधल्या दिवसांत..." तिला धाप लागली होती. "मधल्या दिवसांत द्यायची ना?"

सर्जननी तिची बोटं बाहीवरून सोडवली.

"छोटीच देईन," ती म्हणाली.