पाठमोरी नायिका

परदेशी सुपरहिरोच्या चित्रपटाचं मराठी डबिंग होतं. नायिकेचा आवाज इरावतीला मिळाला, म्हणजे पदरात काय पडलं? ढीगभर किंकाळ्या आणि एक ‘सांभाळून जा हं.’ खलनायकाला मात्र पानभर तत्त्वज्ञान होतं, मरतानाही अर्धं पान.

“दिघेसाहेब, बाई अणुशास्त्रज्ञ दाखवलीय. मग बोलत का नाही?” तिनं दिग्दर्शकाला विचारलं.

“ती नायकाकडे बघते ना.”

“बघते, पण आपल्याकडे पाठ करून. ओठ दिसतच नाहीत. काहीही वदवता येईल.”

दिघ्यांना गंमत वाटली. मग पाठमोऱ्या नायिकेनं नायकाला बॉम्ब बंद करायला शिकवलं, शिवाय खलनायकाला सुनावलं, “एवढं शिकून हेच केलंस?” पडद्यावर तो नेमका तेव्हाच खाली बघत होता. सगळा स्टुडिओ हसला.

नायकाचा आवाज देणारे रणदिवे तेवढे घुश्शात होते. “मग मी काय करायचं?”

“किंकाळ्या मारा,” दिघे म्हणाले. “इमारत कोसळताना धुळीत कोण ओरडतंय ते कुठे दिसतं? आणि तुमच्या तोंडावर तर मुखवटाच आहे.”

चित्रपटातली एकही किंकाळी कमी झाली नाही. मिठाच्या गुळण्या मात्र आठवडाभर रणदिव्यांनी केल्या.