वस्तादांची अट

“गोटा छातीला लावून दाखव, नाहीतर हा विषय कायमचा बंद!” दशरथ वस्ताद कडाडले.

घाटकोपरच्या त्या व्यायामशाळेत हशा पिकला. चौऱ्याऐंशी साल उजाडलं, तरी साठ किलोच्या त्या दगडी गोट्याला बाईचा हात लागलेला अजून कुणी पाहिला नव्हता.

रुक्मिणीचं मागणं ते काय! दुपारी व्यायामशाळा रिकामीच असते, तेव्हा दोन तास बायकांना द्या. सगळ्याच बायकांना. पोलिओनं पाय गेलेल्या जानकीला, बाळंतपणात पाठ धरलेल्या सुहासिनीला आणि नव्वद किलोच्या तिला स्वतःलाही.

“उचलला तर मग दुसरी अट नाही ना, वस्ताद?”

“आधी उचल तर! देह बघ जरा आपला.”

“मंजूर!” कार्यवाह श्यामसुंदर खिदळले. “वस्तादांचा शब्द तो समितीचा शब्द.” आणि त्यांनी तिच्या अर्जावर झोकात सही ठोकली.

लहानपणापासून ‘ढब्बी’, ‘हत्तीण’ ऐकत आलेली रुक्मिणी. लग्नातसुद्धा हे रुंद खांदे तिनं शालूत चोरून घेतले होते. आज मात्र तिनं पदर कमरेला करकचून खोचला. जमलं नाही तर जानकीला काय तोंड दाखवायचं?

“राहू दे गं,” जानकी दारातून कळवळली. “हसं होईल.”

“होऊ दे. रोज होतंच की!”

ती उकिडवी बसली. गोट्याला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि मांड्यांत सगळा जीव आणला. गोटा हलला. गुडघ्यांवर आला. हशा थांबला. मग तिनं तो पोटावर टेकवला, आणि अहो, जन्मात पहिल्यांदा तिला त्या पोटाचा अभिमान वाटला! तिथून एका दमात छातीला.

“आयशप्पथ!” तालमीतला खंडू ओरडला. जानकीनं कुबडी फरशीवर दणादण आपटली. सुहासिनीला हसू आणि रडू एकदमच फुटलं. श्यामसुंदरांचा चेहरा पडला, पण सही तर होऊन बसली होती.

वस्ताद तणतणत पुढे आले. गोटा उतरवायला हात लावता लावता तिच्या कानाशी पुटपुटले, “मान वाकवू नकोस म्हणून सहा महिने घसा कोरडा केला, तरी वाकवलीसच. बरं, उद्यापासून मागच्या दारानं चोरून शिकायला यायचं नाही. पुढच्या दारानं ये, सगळ्यांना घेऊन.”